लाकडी बैलाचा मान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ऊन कलायला लागलं की नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्यांमधून लाकडी चाकांचा खडखडाट ऐकू येतो. चार वर्षांचं एक पोर पुढे चाललेलं असतं. सुटू नये म्हणून त्याचं धोतर करगोट्यात घट्ट खोचलेलं आणि डोक्याला आजोबांचा रुमाल फेट्यासारखा गुंडाळलेला. हातात सुती कासरा, मागे हातभर उंचीचा लाकडी बैल. गतिरोधकावर पुढची चाकं अडतात आणि बैल नाकावर पडतो. पोर मागे वळतं, बैलाला उभं करतं, शिंगावरची चुरगळलेली बेगड बोटानं सारखी करतं आणि पुन्हा ओढायला लागतं. आई दोन पावलं मागे असते, पण मदतीला हात पुढे करत नाही. आज बैल त्याचा आहे.

हा तान्हा पोळा. तान्हं म्हणजे अंगावर पिणारं लेकरू, आणि हा त्यांचाच सण. ज्यांना अजून चालता येत नाही, त्यांना कडेवर घेऊन कासऱ्याचं टोक त्यांच्या मुठीत दिलं जातं. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा हा दिवस. तिथून तिसऱ्या दिवशी गणपती बसतात, मग महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, भुलाबाई आणि दिवाळी अशी रांगच लागते. नागपूर जिल्ह्यात या दिवशी स्थानिक सुट्टी देण्याचा प्रघात आहे. पुण्यामुंबईहून नव्यानं आलेल्या कुटुंबांना या सुट्टीचं कोडं पडतं, आणि घरात लहान मूल असेल तर शेजारचे लोकच ते सोडवतात: बैल आणला का?

या लहान पोळ्याचं वेगळेपण कळायचं तर आदल्या दिवसाचा मोठा पोळा पाहायला हवा. विदर्भातल्या गावांत पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद आणि लोणी किंवा तूप लावून शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशी नांगर नाही, वखर नाही, पाठीवर काठी नाही. शिंगांना रंग, कपाळावर मठाटी, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर झूल. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेल्या आखरावर गावचे सगळे बैल उभे राहतात, झडत्यांची गाणी रंगतात आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात तोरण तुटतं. नंतर बैल घरोघर जातो. बाया त्याच्या पायांवर पाणी घालतात, ओवाळतात, आणि बैल घेऊन आलेल्या सालदाराला पैसे देतात. या पैशाला बोजारा म्हणतात.

रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या कुणब्यांवरच्या प्रकरणात या सणाचं वर्णन आहे. सर्वांत पुढे एक म्हातारा बैल, त्याच्या शिंगांवर पेटत्या मशाली खोवलेली लाकडी चौकट. या चौकटीला मखर म्हणत. त्याच्यामागे गावच्या मालगुजाराचे बैल, आणि मग कुळांचे. ही रांग पैशावर ठरत नसे, गावातल्या मानावर ठरे. आपला नंबर मागे गेला तर कुणब्याच्या जिवाला ते फार लागे, असं लेखकांनी मुद्दाम नोंदवलं आहे. मोठा पोळा बैलांच्या कौतुकाचा होता, तितकाच तो माणसांच्या मानपानाचाही होता. कोणाचा बैल आधी, यावरून भाऊबंदकीत अबोला धरल्याच्या गोष्टी विदर्भातल्या म्हाताऱ्यांकडे आजही निघतात.

त्या रांगेत लहान पोरांना जागा नव्हती. मशाली, वाजंत्री आणि बिथरलेली जनावरं यांच्यात तीन वर्षांच्या पोराला कोण सोडणार? त्याच्यासाठी वेगळा दिवस काढावा लागला.

हा दिवस कोणी काढला? नागपूरकर भोसल्यांची परंपरा याचं श्रेय दुसऱ्या रघूजींना देते आणि साल सांगते १८०६. बैलाचं मोल मुलांना खेळता खेळता कळावं, म्हणून राजानं लाकडी बैल करवून घेतला आणि मुलांचा पोळा भरवला, अशी ती आठवण आहे. महालातल्या सीनियर भोंसला पॅलेसमधला मोठा लाकडी बैल अजूनही तान्ह्या पोळ्याला सजवून बाहेर काढला जातो आणि भोवती लहान बैलांचा घोळका जमतो.

हे साल बारकाईनं पाहण्यासारखं आहे. १८०३ च्या नोव्हेंबरात आडगावला आणि डिसेंबरात गाविलगडावर रघूजींचा इंग्रजांकडून पराभव झाला. देवगावच्या तहानं कटक गेलं आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड गेला. १८०४ पासून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून नागपुरात बसला. तिजोरी आटली आणि रयतेवरच्या करांचा भार वाढला. या काळातल्या रघूजींना लोक ‘बडा बनिया’ म्हणत, असं इंग्रजी गॅझेटिअरांनी लिहून ठेवलं आहे. त्याच राजाच्या नावावर नागपूरच्या घराघरांनी मुलांचा सण जपून ठेवला. राज्याचा मोठा हिस्सा गेल्यावर उरली ती वर्धा आणि वैनगंगेच्या खोऱ्यांतली काळी जमीन आणि ती कसणारे बैल. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ हा पांढरा, हलक्या अंगाचा, चपळ बैल मराठ्यांच्या फौजांची ओझी वाहण्यातून नावारूपाला आला, असं मानतात. तान्ह्या पोळ्यातले कितीतरी बैल पांढरे रंगवलेले असतात. रंगारी डोळ्यांत काळा ठिपका देतो, खुरं काळी करतो, आणि खांद्यावरचं वशिंड ठसठशीत ठेवतो.

हा बैल सुताराच्या हातचा. सागाचा असेल तर जड आणि महाग, हलक्या लाकडाचा असेल तर स्वस्त. खाली फळी, फळीला चार चाकं, डोक्यावर शिंगं बसवायला भोकं. सराईत खरेदीदार बैल उलटा करून आधी आस पाहतो, कारण खिळा नुसताच ठोकलेला असला तर चाक संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून महाल-इतवारीकडच्या बाजारात बोटभर बैलापासून पुरुषभर बैलापर्यंत रांगा लागतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे इथला तान्हा पोळा तर अशा थोराड नंद्यांसाठीच ओळखला जातो, आणि त्याची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. तिथले नंदी ओढायला एक पोर पुरत नाही, अख्खं घर लागतं.

चाकांवरचा बैल या मातीत फार जुना आहे. १९७४ साली श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठी दायमाबादला तांब्याकाशाच्या चार वस्तू सापडल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. तिन्ही जनावरांना चाकं होती. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. ही खेळणी होती की मिरवणुकीत ओढायच्या पूजेच्या मूर्ती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. नागपूरच्या लाकडी बैलाचंही तसंच आहे. सकाळी देवासमोर पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहतात, तेव्हा तो नंदी असतो. दुपारी तोच अंगणात खडखडतो. संध्याकाळी त्याचा कान मोडला तर पोर रडतं, आणि आजी मोडक्या कानालाही कुंकू लावते.

खेळण्यातली श्रीमंती-गरिबीही तितकीच जुनी. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाला नावच मुळी मातीच्या गाडीवरून मिळालं. शेजारच्या श्रीमंत मुलाची सोन्याची गाडी पाहिल्यावर चारुदत्ताच्या लहानग्या रोहसेनाला आपली मातीची गाडी नकोशी होते, आणि वसंतसेना आपले दागिने उतरवून त्या गाडीत भरते. तान्ह्या पोळ्यात सजावटीच्या स्पर्धा आणि बक्षिसं आली तेव्हापासून हा प्रसंग नागपुरातही दरवर्षी घडू लागला आहे. कोणाचा बैल सागवानी, विजेच्या माळा लावलेला, तर कोणाचा बाजारातून शेवटच्या संध्याकाळी घासाघीस करून आणलेला, ओल्या रंगाचा. ज्या मानपानाच्या रांगेबाहेर पोरांचा हा दिवस निघाला, ते मानपान मागच्या दारानं इथेही शिरलं, आणि ते बरं झालं नाही. जिथे येईल त्या प्रत्येक बैलाला सारखीच वही आणि सारखाच पेन मिळतो, ती मंडळं मूळ सणाच्या अधिक जवळ आहेत.

याच दिवशी सकाळी शहरात वेगळीच धामधूम असते. जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत, म्हणजे मिरवून जाळायचा पुतळा, निघते, इतवारीतून काळी निघते, आणि नेहरू पुतळ्याजवळ दोघींची भेट होते. काळीची परंपरा १८८१ ची, पिवळीची १८८५ ची मानतात. पिवळीचा मान तऱ्हाने तेली समाजाकडे आहे. काळी मारबत इंग्रजांशी हातमिळवणी केलेल्या बाकाबाईची, असं शहर मानत आलं. ही बाकाबाई दुसऱ्या रघूजींचीच राणी. म्हणजे एकाच तिथीला सकाळी राणीच्या नावानं पुतळा निघतो आणि दुपारी राजाच्या नावानं पोरांचे बैल निघतात. दर साली नव्या प्रश्नांवर बनणारे बडगे नावाचे पुतळेही या मिरवणुकीत असतात, आणि वर्तमानपत्रं बहुतेक त्यांच्याविषयीच लिहितात.

मारबतीची आणखी एक ओळख आहे, आणि लहान लेकरांच्या घरी तीच जास्त खरी. ती पूतना आहे. दूध पाजण्याच्या मिषानं तान्ह्या कृष्णाला मारायला आलेली, आणि मेल्यावर गोकुळाच्या लोकांनी गावाबाहेर नेऊन जाळलेली. खेड्यांमध्ये पोळ्याला दाराशी पळसाचे मेढे ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते उचलून गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात. टाकताना एकेका आजाराचं नाव घेऊन ओरडायचं: खोकला, खरूज, ताप, घेऊन जा गे मारबत! यात पोरांचा आवाज सर्वांत वरचा असतो.

भाद्रपदाचं तोंड हे तापाचे, हगवणीचे दिवस. पावसाचं पाणी साचलेलं, माश्या घोंघावणाऱ्या, विहिरी गढूळ. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा सर्वांत जबर तडाखा ज्या प्रांतांना बसला, त्यांत मध्य प्रांत आणि वऱ्हाड होते. त्या वर्षीचा पोळा होऊन जेमतेम महिना उलटला आणि साथ शिगेला पोचली. असं वर्ष पाहिलेल्या आईनं पुढच्या भाद्रपदात पहाटे उठून दारातला मेढा पोराच्या हाती दिला असेल, तेव्हा ती काही गंमत म्हणून देत नव्हती. पहाटे लेकराच्या जिवावरचं संकट शिवेपार, आणि दुपारी त्याच लेकराच्या हातात कासरा: प्रतिपदेचा दिवस दोन्ही टोकांनी तान्ह्यांचाच आहे. २०२० मध्ये करोनामुळे मारबतीची मिरवणूक निघाली नाही, आणि तान्हा पोळा घराच्या ओसरीत, गच्चीत झाला. तरी बैल निघालेच.

बोजाऱ्याची गोष्ट मात्र थोडं थांबून सांगायला हवी. मोठ्या पोळ्यात बोजारा मागायला दारी येई तो सालदार. वर्षभर दुसऱ्याच्या बैलांमागे राबणारा तो माणूस त्या एका संध्याकाळी बैलाच्या कृपेनं प्रत्येक घरी पाहुणा होई. दुसऱ्या दिवशी त्याच दारी, त्याच उंबऱ्यावर लहान पोर उभं राहतं. त्याच्या बैलाच्या पायांवर पाणी पडतं, बैलाला आणि त्याला एकाच निरांजनानं ओवाळलं जातं, आणि त्याच्या मुठीत बोजारा येतो. मालकाच्या पोराच्या हाती सालदाराचा कासरा. रघूजींच्या मनात हे होतं की नव्हतं, कोण जाणे. पण वाड्यातलं मूल सालदारासारखं दारोदार फिरतं आणि त्याचे आईबाप कौतुकानं पाहतात, असा दुसरा दिवस वर्षात नाही.

पूर्वी बोजारा म्हणजे पैसा-दोन पैसे, मूठभर मुरमुरे, करंजी. आज दहा-वीसच्या नोटा, चॉकलेट, कंपासपेटी. वाडे पडून तिथे फ्लॅट उभे राहिले, तेव्हा खेळाच्या वाटाही बदलल्या. आता लिफ्टमध्ये आधी बैल शिरतो, मग पोरं. तिसऱ्या मजल्यावरची आजी दार उघडते आणि म्हणते, “ये रे बापू, तुह्या नंदीले आधी पाणी घालू दे.” जुन्या नागपुरात बैल मुलग्यांचा आणि पुढे येणारी भुलाबाई मुलींची, अशी वाटणी होती. ती आता मोडली आहे. नऊवारी नेसून बैल ओढणाऱ्या मुली प्रत्येक वस्तीत दिसतात, आणि त्यांच्या बैलांच्या झुली बहुधा आईच्या जुन्या ब्लाउजपिसाच्या असतात.

या पोरांपैकी बहुतेकांच्या घरी तीन पिढ्यांत खरा बैल बांधलेला नाही. लाकडी बैल मात्र पणजोबांचा निघतो. त्याच्या पाठीवर रंगाचे इतके थर बसलेले असतात की वशिंडाची धारही बोथट झालेली असते. एक शिंग मूळचं आणि दुसरं कधीतरी नवं बसवलेलं. पोटाखाली कोणी तरी खिळ्यानं आपलं नाव कोरलेलं, अर्धंच, कारण तेवढ्यात कोणी तरी ओरडलं असणार.

रात्री बोजारा मोजून पोर झोपतं. बैलाची झूल उतरवली जाते, बेगड काढून डब्यात जाते, चाकांच्या आसाला खोबरेल तेलाचा थेंब दिला जातो. मग वडील स्टुलावर चढून माळ्यावरून गणपतीच्या मखराचा पेटारा खाली घेतात, कारण मध्ये दोनच दिवस उरलेले असतात. रिकाम्या झालेल्या त्याच जागी, जुन्या लुगड्यात गुंडाळून, बैल वर्षभरासाठी बांधला जातो.