कारण लिहिलंच नव्हतं!

आज एका पेन्शनची गोष्ट.

१९८५ साली धर्मवीर सिंग लष्कराच्या सिग्नल्स कोअरमध्ये शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळच्या कागदांवर कुठल्याही आजाराची नोंद नव्हती. साधारण नऊ वर्षांनी, १९९४ मध्ये, अपस्मारामुळे म्हणजे फिट्समुळे त्यांना लष्करानं घरी पाठवलं. मेडिकल बोर्डानं अपंगत्व ठरवलं २० टक्के.

आता १९६१ च्या पेन्शन नियमांत दोन अटी होत्या. अपंगत्व किमान २० टक्के हवं, आणि ते लष्करी सेवेमुळे आलेलं किंवा वाढलेलं हवं. पहिली अट काठावर पास. गाडी अडली दुसरीवर. बोर्डानं लिहिलं, आजाराचा सेवेशी संबंध नाही. का नाही? ते लिहिलंच नाही. तेवढ्यावर डिसेबिलिटी पेन्शन नाकारली.

ते हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात गेले. एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला, खंडपीठानं तो फिरवला. मग सर्वोच्च न्यायालय.

मला प्रश्न पडला होता, की न्यायाधीश काही डॉक्टर नाहीत. मग आजार कशानं झाला हे ते कसं ठरवणार? निकाल वाचला तेव्हा कळलं, डॉक्टरांचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलंच नाही. न्या. पटनाईक आणि न्या. मुखोपाध्याय यांनी सरकारचेच १९८२ चे नियम समोर ठेवले.

ते नियम काय म्हणत होते? भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर माणूस तेव्हा धडधाकट होता असं धरायचं. नंतर आजारामुळे घरी पाठवलं, तर तो आजार सेवेतच झाला असं सहसा मानायचं. 'हा आजार भरतीच्या तपासणीत कळलाच नसता' असं डॉक्टरांना म्हणायचं असेल, तर कारणं लिहायची. आणि सिद्ध करायचं ओझं जवानावर नव्हतं. शंका असेल तर फायदा त्याला.

आमच्याकडे कुणी 'आमचा प्रॉब्लेम नाही' असं लिहून बग बंद केला, तर पहिला प्रश्न येतो, लॉग कुठंय? न्यायालयानंही साधारण तेच विचारलं. बोर्डाच्या कागदात उत्तर नव्हतं. २ जुलै २०१३ ला पेन्शनचा हक्क मान्य झाला.

२०१५ मध्ये राजबीर सिंग खटल्यात इतर जवानांनाही हाच न्याय लावला गेला. म्हणजे एका माणसाची लढाई पुढच्या अनेकांच्या कामी आली.

पण हिशेब करा. १९९४ ते २०१३, एकोणीस वर्षं. नियम पहिल्या दिवसापासून त्यांच्याच बाजूनं होता. तो कुणी उघडून वाचला असता तर?

म्हणून तुमच्या घरी कुणाचा असा अर्ज फेटाळला गेला, तर 'नामंजूर' या शब्दाशी थांबू नका. त्याखाली कारण लिहिलंय का, ते आधी बघा.

भेटू पुढच्या भागात!