‘पाचवे चाक’ आणि ओढक्षमतेचा आकडा : अमेरिकन पिकअप ट्रकच्या इतिहासातील एक प्रकरण

प्रस्तावना :

अमेरिकेत पिकअप ट्रकच्या हौद्यात बसविलेल्या जोडणीवर मागच्या फिरत्या घराचा पुढचा भाग टेकवून ते ओढण्याची पद्धत रूढ आहे. अशा ट्रेलरला तेथे ‘फिफ्थ व्हील’, म्हणजे शब्दशः ‘पाचवे चाक’, असे म्हणतात. कोणत्या ट्रकने कोणता ट्रेलर ओढावा हा प्रश्न वरकरणी निव्वळ तांत्रिक वाटतो. परंतु त्याचे उत्तर ज्या आकड्यांवर अवलंबून आहे, ते आकडे कोणी ठरविले, केव्हा ठरविले आणि त्यांपैकी कोणत्या आकड्यामागे कायदा उभा आहे, हा इतिहासाचा विषय आहे. जाहिरातीतील ओढक्षमतेचा आकडा आणि दाराच्या चौकटीवरील वजनमर्यादेचा आकडा यांचे जन्म वेगवेगळ्या परिस्थितीत झाले. आजही ट्रेलर विकत घेणाऱ्याची फसगत बहुधा या दोहोंमधील अंतरातच होते. प्रस्तुत लेखात या अंतराचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

नावाचा आणि जोडणीचा उगम :

‘पाचवे चाक’ हे नाव मोटारीच्या आधीचे आहे. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळता यावा म्हणून त्याच्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. जमिनीला न टेकणारे हे कडे गाडीचे पाचवे चाक ठरले. मोटारयुगात हीच कल्पना ट्रक आणि ट्रेलर यांच्यामधील सांध्यासाठी वापरली गेली.

या स्थित्यंतरातील ठळक नाव म्हणजे डेट्रॉइट येथील लोहार व गाडीकारागीर ऑगस्ट फ्रूहॉफ यांचे. १९१४ साली फ्रेडरिक सिब्ली या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली नौका सरोवराकाठी न्यायची होती. फ्रूहॉफ यांनी त्याच्या फोर्ड मॉडेल टी मोटारीला जोडता येईल असा दोनचाकी गाडा तयार केला व त्याला ‘सेमी-ट्रेलर’ असे नाव दिले. पुढे सिब्लीने आपल्या वखारीसाठीही असेच गाडे मागविले आणि १९१८ मध्ये फ्रूहॉफ यांची कंपनी रीतसर स्थापन झाली. या नावातील ‘सेमी’, म्हणजे ‘अर्ध’, हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. गाडा स्वतःचा सगळा भार स्वतः वाहत नाही. भाराचा काही हिस्सा तो ओढणाऱ्या वाहनाच्या अंगावर टाकतो. दोन चाकांची बैलगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. भार मागे गेला की गाडी उलार होते आणि पुढे सरकला की बैलांच्या मानेवर येतो. पिकअप ट्रकच्या बाबतीत ही ‘मान’ म्हणजे मागचा आस होय.

ही जोडणी प्रवासी घरासाठी वापरण्याचे श्रेय विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस (१८७८–१९३०) यांच्याकडे जाते. १९१० मध्ये ऑल्बनी ते न्यूयॉर्क हे उड्डाण करून प्रसिद्धी पावलेल्या कर्टिस यांनी उत्तरायुष्यात फ्लॉरिडामध्ये ‘एअरोकार’ या नावाचे ट्रेलर तयार केले. विमानाच्या सांगाड्याप्रमाणे हलके लाकूड आणि ताणलेल्या तारा ही त्याची बांधणी होती, तर जोडणीसाठी हवा भरलेले विमानाचे चाक आडवे बसवून धक्के शोषून घेण्याची योजना केलेली होती. विमान बांधणाऱ्या माणसाने वजनाचा विचार सर्वप्रथम करावा हे स्वाभाविकच होते. ओढणारी मोटार जेवढी समर्थ, तेवढेच घर हलके करावयाचे, ही कर्टिस यांची दृष्टी होती. पुढील काळात हा क्रम उलटा झाला. घर वाढत गेले आणि त्याच्यामागोमाग ट्रक वाढू लागला.

ट्रकची वाढ :

फोर्डने कारखान्यातच तयार केलेला पहिला पिकअप १९२५ चा, तर एफ-मालिकेतील ट्रक १९४८ पासूनचे. अर्धा टन, पाऊण टन, एक टन ही त्यांची वर्गवारी प्रारंभी ट्रकवर किती माल लादता येईल याची द्योतक होती. कालांतराने ती केवळ नावापुरती उरली. १९७३ मध्ये शेव्हरोलेने एकटनी पिकअपला मागे दुहेरी चाके देण्याची सोय केली. १९८३ मध्ये फोर्डने आपल्या जड पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसविले, तर १९८९ मध्ये डॉजने कमिन्स कंपनीचे डिझेल इंजिन बसविले. त्या पहिल्या कमिन्स इंजिनाची पीळशक्ती ४०० पौंड-फूट होती. २०१९ मध्ये रॅमच्या ट्रकने १,००० पौंड-फुटांचा टप्पा गाठला आणि कमाल ओढक्षमता ३५,१०० पौंड (सुमारे १५,९०० किलो) असल्याचे जाहीर केले. २०२३ च्या फोर्ड सुपर ड्यूटीने हा आकडा ४०,००० पौंडांवर नेला.

हे आकडे विशिष्ट बांधणीच्या ट्रकांचे व ‘गूजनेक’ पद्धतीच्या जोडणीचे आहेत, हे जाहिरातीच्या तळटिपेत दिलेले असते. तळटीप वाचून ट्रक घेणारे थोडेच!

दोन आकडे, दोन जन्मकथा :

१९६६ च्या वाहनसुरक्षाविषयक कायद्यानंतर अमेरिकेत प्रत्येक वाहनावर प्रमाणनाची पट्टी लावणे आवश्यक झाले. तिच्यावर वाहनाचे भारासह कमाल एकूण वजन व प्रत्येक आसाची मर्यादा नोंदविलेली असते. ही मर्यादा उत्पादकच ठरवितो. मात्र रिकामे वाहन, त्याने घोषित केलेला माल आणि प्रत्येक आसनामागे १५० पौंड यांच्या बेरजेहून ती कमी असू नये, असा नियम आहे. फायरस्टोन टायरांच्या अपघातप्रकरणानंतर २००० मध्ये झालेल्या कायद्यातून हलक्या वाहनांसाठी दुसरी पट्टी आली. प्रवासी व माल मिळून किती वजन ओलांडू नये, हे ती एका वाक्यात सांगते.

ओढक्षमतेच्या आकड्यामागे असा कोणताही संघराज्यीय नियम नव्हता आणि आजही नाही. दीर्घकाळपर्यंत प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने हा आकडा काढीत असे. त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करणे निरर्थक होते. तरीही ग्राहक ती करीत आणि कंपन्या त्याला उत्तेजन देत. या स्पर्धेला आवर घालण्यासाठी स्वयंचलित वाहन अभियंत्यांच्या ‘एस.ए.ई.’ या संस्थेने २००८ मध्ये ‘जे-२८०७’ हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील मुख्य कसोटी ॲरिझोनातील डेव्हिस धरणापासून युनियन खिंडीकडे चढणाऱ्या ११.४ मैलांच्या रस्त्यावर बेतलेली आहे. उन्हाळ्याच्या कडक तापमानात, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून ट्रकने हा चढ ताशी ४० मैलांच्या खाली न येता पार करावयाचा. मागे दुहेरी चाके असलेल्या ट्रकला ३५ मैलांची सवलत आहे. याखेरीज १२ टक्के चढावर थांबून पुनःपुन्हा निघण्याची परीक्षाही आहे.

मानक निघाले, पण ते ऐच्छिक होते. २०११ च्या टुंड्रा ट्रकासाठी टोयोटाने ते प्रथम स्वीकारले आणि परिणामी तिचे आकडे काही शे पौंडांनी उतरले. प्रामाणिकपणाची किंमत एकट्या टोयोटाला मोजावी लागली, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. जनरल मोटर्सने २०१३ च्या मॉडेलांसाठी तयारी दाखविली होती. परंतु फोर्ड आपल्या पुढील नव्या मॉडेलपर्यंत थांबणार हे दिसताच तीही मागे सरली. एकाने आकडा खाली आणावा आणि इतरांनी आणू नये, ही स्थिती कोणालाच परवडणारी नव्हती. अखेर २०१५ च्या मॉडेलांच्या सुमारास डेट्रॉइटमधील तिन्ही कंपन्या या कसोटीवर आल्या.

मानकाने न सोडविलेला प्रश्न :

तथापि, पाचव्या चाकाच्या ट्रेलरबाबत खरी अडचण येथेच सुरू होते. गोलकाच्या साध्या जोडणीत ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग ट्रकवर येतो. पाचव्या चाकाच्या जोडणीत हा पिन-भार व्यवहारात पंधरा ते पंचवीस टक्क्यांपर्यंत जातो. सांधा मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे असल्याने ट्रेलर डोलत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. परंतु त्याच गुणाची किंमत ट्रकच्या पाठीला द्यावी लागते. मानकात हा भार पंधरा टक्के आणि ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसे धरली आहेत.

एक उदाहरण घेऊ. पाऊणटनी ट्रकची मर्यादा १०,००० पौंड आहे. अनेक उत्पादक ती बरोबर येथेच ठेवतात, कारण पलीकडे वाहन वरच्या वजनवर्गात जाते. इंधनासह ट्रकचे वजन ७,२०० पौंड धरल्यास २,८०० पौंड उरतात. आता जाहिरातीप्रमाणे १५,००० पौंडांचा ट्रेलर जोडू. पंधरा टक्क्यांनी पिन-भार २,२५०, दोन माणसे ३००, जोडणीचे साहित्य १५०, म्हणजे एकूण २,७०० पौंड. हिशेब बसला. पण प्रत्यक्षात चार जणांचे कुटुंब व सामान मिळून ६०० पौंड आणि पिन-भार वीस टक्के धरला, तर ३,००० अधिक ६०० अधिक १५०, म्हणजे ३,७५० पौंड होतात. मर्यादेपेक्षा ९५० पौंड जास्त. इंजिन ट्रेलर सहज ओढील. चढावरही कुरकुर करणार नाही. अतिभार पडेल तो मागच्या टायरांवर, स्प्रिंगांवर आणि आसावर. या ट्रकला पेलणारा ट्रेलर वस्तुतः १०,२५० पौंडांच्या आसपासचा आहे.

याहून विलक्षण गोष्ट डिझेल इंजिनाची. अधिक ओढता यावे म्हणून ग्राहक ते निवडतो. परंतु ते पेट्रोल इंजिनापेक्षा काही शे पौंडांनी जड असते आणि ट्रकची मर्यादा तीच राहिली, तर तेवढे वजन पाठीवरील भारातून वजा होते. ओढण्याचा आकडा वर जातो आणि पेलण्याचा आकडा खाली येतो. विक्रेत्याच्या दालनात यांपैकी पहिलाच आकडा मोठ्या अक्षरांत लिहिलेला आढळतो. दुसरा चालकाच्या दाराच्या चौकटीवर असतो आणि दार उघडल्याखेरीज दिसत नाही.

अनुभवी ट्रेलरधारक म्हणूनच महामार्गावरील ट्रकतळांच्या वजनकाट्याचा आधार घेतात. प्रथम ट्रेलरसह आणि मग ट्रेलर सोडून एकट्या ट्रकचे वजन करावयाचे. ट्रकच्या दोन्ही आसांवरील वजनात जो फरक येतो, तोच खरा पिन-भार. काट्यावर मिळालेली पावती दाराच्या पट्टीशेजारी धरून पाहिली जाते, आणि कित्येकांना आपला ट्रक आपल्या घराला अपुरा असल्याचे तेव्हा प्रथमच कळते.