खिशातल्या पिस्तुलाचा भरवसा

इतिहास लिहिताना आपण माणसांचे हेतू तपासतो, त्यांच्या धैर्याचे किंवा क्रौर्याचे माप घेतो. पण त्यांच्या हातातल्या वस्तूकडे क्वचितच पाहतो. मराठी चरित्रग्रंथांत पिस्तूल येते ते बहुधा प्रतीक म्हणून. ते ‘कडाडते’, ‘गर्जते’, ‘सूड घेते’. ते कोणत्या बनावटीचे होते, काडतुसे किती जुनी होती, चाप ओढल्यावर बार उडण्याची खात्री कितपत होती, हे प्रश्न आपल्याला गद्य, जवळजवळ क्षुद्र वाटतात. आमच्या मते ते क्षुद्र नाहीत. महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाच्या इतिहासातील काही निर्णायक क्षण या लहान यंत्राच्या भरवशावर टांगलेले होते.

आधी यंत्राविषयी थोडेसे. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात बसवलेली असतात. एखादे काडतूस उडाले नाही, तर पुन्हा चाप ओढला की पुढचे काडतूस नळीसमोर येते. स्वयंचलित म्हटल्या जाणाऱ्या पिस्तुलाची रीत निराळी. तेथे बाराच्या धक्क्यानेच वरचा भाग मागे सरकतो, रिकामे टोपण बाहेर फेकले जाते आणि स्प्रिंगच्या जोराने नवे काडतूस आत ढकलले जाते. अमेरिकन संशोधक जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून बेल्जियममधील एफ. एन. कारखान्याने 1900 साली असे एक सात काडतुसांचे चपटे पिस्तूल बाजारात आणले आणि कोटाच्या खिशात मावणारे हत्यार जगभर पसरले. पण पिस्तूल जितके लहान, तितकी त्यातल्या भागांना हालचालीला जागा कमी. दारू दमट झाली, तेल वाळले किंवा पकड ढिली पडली की काडतूस अडकते. खिशातल्या पिस्तुलाचा भरवसा त्यामुळे पिस्तुलाइतकाच काडतुसावर, निगेवर आणि सरावावर अवलंबून असतो.

नेमक्या याच तीन गोष्टी 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या आवाक्याबाहेर ठेवल्या होत्या. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हाच गुन्हा. मग ते पारखून घेणे, ताजी काडतुसे मिळवणे, उघड्यावर नेम धरून पाहणे दूरच राहिले. लंडनमध्ये मदनलाल धिंग्रा पैसे देऊन नेमबाजीच्या जागी सराव करू शकला. 1 जुलै 1909 रोजी कर्झन वायलीवर गोळ्या झाडण्यापूर्वी त्याच दिवशी तो तेथे जाऊन आला होता. नाशिकच्या तरुणांना ही सोय नव्हती. त्यांच्यासाठी भरवसा समुद्रापलीकडून आला. 1909 च्या आरंभी सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पेटीच्या दुहेरी तळात लपवून मुंबईला धाडली, असे पुढे खटल्यात सिद्ध धरले गेले.

या कथेचा एक धागा आमच्या भागातून जातो. जॅक्सनवर गोळ्या झाडणारा अनंत कान्हेरे त्या काळी निजामाच्या मुलखातील औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शिकत होता. जालना तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. स्वतंत्र जालना जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. 21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या जॅक्सनवर कान्हेरेने ब्राउनिंग चालवले. पहिला बार चुकला, असे सांगितले जाते. पुढचे बार लागोपाठ झाले आणि लागले. सराव बेताचाच असलेल्या विशीच्या आतल्या मुलाच्या हाती नवे, न अडणारे यंत्र होते, ही बाब त्या घटनेच्या वर्णनात फारशी येत नाही. 19 एप्रिल 1910 रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. पिस्तुले पाठवल्याची किंमत सावरकरांनी अंदमानात मोजली. यंत्राने दगा दिला नाही. पण त्याच यंत्रांच्या मागाने पोलीस लंडनपर्यंत पोहोचले, हेही भरवशाचेच दुसरे अंग.

याउलट घडले ते 22 जुलै 1931 रोजी पुण्यात. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वाचनालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळी झाडली. बार उडाला, नेमही चुकला नाही. पण गोळी खिशातल्या टिपणवहीच्या धातूच्या गुंडीवर आदळली आणि हॉटसन वाचला. त्याने चिलखत घातले होते, अशी वदंता पुढे बराच काळ चालली. चिलखताची दंतकथा लोकांना हवीशी वाटली, कारण लहान हत्याराच्या गोळीत मुळात जोर किती, हा साधा प्रश्न तिने टाळता आला.

आता तिसरा प्रसंग. पहिल्या दोहोंत परकी सत्तेचे अधिकारी लक्ष्य होते. येथे प्रार्थनेला निघालेला एक निःशस्त्र वृद्ध होता. त्यामुळे तिन्ही एका तागडीत घालता येत नाहीत. पण हत्याराच्या भरवशाचा प्रश्न येथेच सर्वांत भयानक रीतीने पुढे येतो. 20 जानेवारी 1948 रोजी सकाळी दिल्लीत हिंदू महासभा भवनामागच्या रानात कटवाल्यांनी आपली दोन रिव्हॉल्व्हरे तपासली. माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे याच्या साक्षीनुसार गोपाळ गोडसेच्या रिव्हॉल्व्हरचे चक्र नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोहोचेचना. रिव्हॉल्व्हर दगा देत नाही, हा समज किती वरवरचा आहे ते येथे दिसते. संध्याकाळी मदनलाल पाहवाने स्फोट केला आणि पकडला गेला, बाकीचे पांगले. त्या दिवशीचा बेत केवळ हत्यारांमुळे फसला, असे म्हणता येणार नाही; माणसेही कचरली होती. पण पुढचे दहा दिवस नथुराम आणि आपटे यांचा मुख्य उद्योग एकच होता, तो म्हणजे भरवशाच्या पिस्तुलाचा शोध. ते 28 जानेवारीला ग्वाल्हेरात मिळाले : 1934 च्या नमुन्याचे इटालियन बेरेट्टा. 30 जानेवारीला त्यातून तीन गोळ्या सुटल्या.

या दहा दिवसांत दुसऱ्या बाजूला काय चालले होते? पाहवा कोठडीत बोलत होता; एका मराठी वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेखही त्याने केला होता. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी पाहवाकडून पूर्वी ऐकलेली कटाची हकिगत 21 जानेवारीला बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई यांच्या कानी घातली. तरीही मुंबई आणि दिल्ली पोलिसांचे धागे जुळले नाहीत. 1969 मध्ये पूर्ण झालेल्या कपूर आयोगाच्या अहवालात ही ढिलाई तपशीलवार नोंदलेली आहे. आम्ही स्वतः अध्यापक असल्याने जैन यांची धडपड आम्हाला विशेष अस्वस्थ करते. मारेकऱ्यांचे हत्यार बिघडले होते, त्यांनी ते बदलले; राज्ययंत्रणा बिघडली होती, ती दहा दिवसांत कोणी दुरुस्त केली नाही.

मराठवाड्याच्या वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या कटासाठी मुंबईत पैसा आणि हत्यारे मागताना हैदराबाद संस्थानातील लढ्याचे कारण पुढे केले गेले, असे खटल्यातील साक्षींवरून दिसते. म्हणजे आमच्या भागातल्या रझाकारी जुलमाचे नाव वेगळ्याच कामासाठी वापरले गेले. तो जुलूम खिशातल्या पिस्तुलाने संपला नाही. लोकांच्या दीर्घ लढ्यानंतर 13 ते 17 सप्टेंबर 1948 या काळात भारतीय सैन्य संस्थानात उतरले. जालना शहराच्या ताब्यासाठी 3/11 गुरखा पलटणीची एक कंपनी मागे ठेवून बाकीचे दल लातूरकडे गेले.

तात्पर्य, हत्याराला इतिहासाचा कर्ता मानावे असे आम्हाला म्हणायचे नाही. पण ते वर्णनातून वगळले की यशाला आपण नुसते शौर्य म्हणतो, अपयशाला दैव म्हणतो आणि 20 ते 30 जानेवारी 1948 या दहा दिवसांना नियती म्हणून मोकळे होतो. बिघडलेल्या रिव्हॉल्व्हरची ती सकाळ नोंदीत ठेवली, तर गांधींचा मृत्यू टळू शकला असता, हे मान्य करावे लागते. आणि मग तो का टळला नाही, याचा जाब नियतीला नव्हे, माणसांना विचारावा लागतो.