गोळी कोणावर? : घरगुती व्हिडिओ-खेळांच्या आरंभकाळाचा विचार



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात एक शंका येऊन गेली असेल. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर पोरांच्या खेळण्यांची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला खेळणे कधीच क्षुल्लक वाटत नाही. उत्खननात सापडलेल्या मातीच्या चिमुकल्या गाडीवरून आपण त्या काळच्या चाकाचा, बैलाचा आणि ती गाडी घडविणाऱ्या हातांच्या मायेचाही अदमास बांधतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील माणूस समजून घ्यावयाचा असेल, तर त्याने मुलांच्या हाती कोणते खेळणे दिले आणि त्या खेळण्यातून कोणावर नेम धरावयास शिकविले, हे विचारलेच पाहिजे.

दूरचित्रवाणी संचाला जोडून घरी खेळावयाच्या यंत्रांचा काळ १९७२ पासून सुरू होतो. त्या सालापासून १९८५ पर्यंतच्या गोळीबाराच्या खेळांपुरतेच मी आज बोलणार आहे. ह्या खेळांत गोळी आली कोठून, ती कोणावर झाडावी हे कोणी ठरविले, आणि त्या निर्णयांचे मोल काय, असे विषयाचे तीन भाग करता येतील.

प्रथम गोळीची जन्मकथा पाहू. १९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्यांच्या मित्रांनी पीडीपी-१ ह्या संगणकावर 'स्पेसवॉर' नावाचा खेळ रचला. दोन अंतराळयाने एकमेकांवर पाणतीर सोडतात, एवढाच तो खेळ. पण तो विद्यापीठाच्या दालनातला; घरातल्या मुलाच्या वाट्याला तो येणे शक्य नव्हते. घरात खेळ आणण्याचे श्रेय राल्फ बेअर यांचे. १९२२ साली जर्मनीत जन्मलेले हे ज्यू गृहस्थ १९३८ साली नाझी राजवटीतून निसटून कुटुंबासह अमेरिकेत आले. पुढे ते सँडर्स असोसिएट्स ह्या लष्करी इलेक्ट्रॉनिक कामे करणाऱ्या कंपनीत अभियंता होते. घरोघरी पोहोचलेल्या दूरचित्रवाणी संचाचा उपयोग नुसते पाहण्यापलीकडे का होऊ नये, असा विचार करून त्यांनी १९६६ साली चार पानांचे एक टिपण लिहिले. पुढच्याच वर्षी त्यांच्या छोट्या मंडळीने खेळण्यातली एक बंदूक आणून तिच्यात प्रकाश ओळखणारा घटक बसविला. पडद्यावर उजेडाचा एक ठिपका दिसे. बंदूक त्याच्यावर रोखून चाप ओढला की ठिपका नाहीसा होई.

ह्याच प्रयोगांतून १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीचे 'ओडिसी' हे पहिले घरगुती यंत्र बाजारात आले. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते, गुणही खेळणाऱ्यांनीच मोजावयाचे. देखावा हवा असेल तर रंगीत पारदर्शक पत्रा काचेवर चिकटवावयाचा. बंदूक वेगळी विकत मिळे. तिची एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती दिव्याच्या गोळ्यावर रोखून चाप ओढला तरी नेम लागला असेच यंत्र समजे. त्याला उजेड तेवढा कळे. तो कोणाचा, हे कळत नसे. पहिल्या घरगुती गोळीला लक्ष्याची ओळखच नव्हती, असे म्हटले तरी चालेल.

दुसरा टप्पा सप्टेंबर १९७७ चा. अटारी कंपनीने 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टिम' नावाचे यंत्र १९९ डॉलर किमतीला विकावयास काढले. पुढे ते अटारी २६०० ह्या नावाने जगभर ओळखले गेले. त्यात खेळ बदलता येत. प्रत्येक खेळ एका प्लास्टिकच्या काडतुसात भरलेला असे. ह्या यंत्राचे दारिद्र्य ऐकण्यासारखे आहे. त्याची कामचलाऊ स्मृती अवघी १२८ बाइटची. पोस्टकार्डावरच्या चार ओळीही तीत मावल्या नसत्या. संपूर्ण चित्र साठवून ठेवण्यास जागाच नव्हती. त्यामुळे दूरचित्रवाणीची किरणशलाका पडद्यावर एकेक रेषा ओढीत असताना प्रोग्रॅमने तिच्या जोडीने धावत प्रत्येक रेषेचे चित्र आयत्या वेळी पुरवावयाचे. एका रेषेसाठी प्रोसेसरला ७६ ठोक्यांचा अवधी मिळे. तेवढ्यात काम उरकले नाही तर चित्र बिघडले.

ह्या यंत्राची चित्र काढणारी चिप पार्श्वभूमीखेरीज पाच हलत्या वस्तू जाणत होती. दोन खेळाडू, दोन क्षेपणास्त्रे आणि एक चेंडू. ही नावे मी अलंकार म्हणून वापरीत नाही. आराखड्यातच त्यांना 'प्लेअर', 'मिसाइल' आणि 'बॉल' म्हटले होते. नाण्यावर चालणारे दोन खेळ, चेंडूफळीचा 'पाँग' आणि रणगाड्यांचा 'टँक', घरी खेळता यावेत हा रचनाकारांचा हेतू होता. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला भिडली हेही चिप आपली आपणच नोंदवी. गोळी लागली की नाही हे ठरविण्याचे काम थेट विद्युत्-मंडलात कोरलेले होते. यंत्राबरोबर फुकट मिळणारे काडतूस 'कॉम्बॅट' हे होते. रणगाडे व विमाने यांच्या द्वंद्वाचे त्यात २७ प्रकार होते. तेव्हा ह्या काळात गोळीबाराचे खेळ इतके का निघाले, ह्याचे एक उत्तर मनुष्यस्वभावात असेलही. पण दुसरे उत्तर निश्चितपणे त्या चिपमध्ये आहे. यंत्राला जे सहज येते, ते करण्याचा मोह प्रत्येक कारागिराला होतो.

आता दुसरा प्रश्न. गोळी तर मिळाली. ती कोणावर झाडावयाची?

ह्या प्रश्नाचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर जपानमध्ये मिळाले. तैतो कंपनीचे तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली नाण्यावर चालणारा 'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ जवळजवळ एकहाती तयार केला. रणगाडे आणि विमाने त्यांनी करून पाहिली. त्यांची हालचाल मनासारखी साधेना. माणसाची आकृती पडद्यावर उत्तम चाले. परंतु खेळ म्हणून माणसांना गोळ्या घालावयास लावणे बरे नव्हे, हा विचार आड आला आणि माणसांच्या जागी परग्रहावरचे अष्टपादासारखे जीव आले. ११ जणांच्या पाच रांगा, असे ५५ जणांचे ते सैन्य पायरीपायरीने खाली उतरे. जसजसे जीव मरत, तसतसे यंत्राला काढावयाचे चित्र कमी होई आणि उरलेले अधिक वेगाने धावत. हा यंत्राचा स्वभावधर्म निशिकादोंनी ओळखला आणि तसाच राहू दिला. खेळाचा सारा थरार त्यातूनच निर्माण झाला.

१९८० साली अटारीने परवाना घेऊन हा खेळ घरगुती यंत्रावर आणला. नाण्याच्या यंत्रावरचा खेळ रीतसर परवान्याने घरी येण्याची ही पहिलीच वेळ. काम रिक मॉरर यांनी केले. घरी मात्र सैन्य ३६ चेच. सहा जणांच्या सहा रांगा. कारण साधे आहे. चिप प्रत्येक 'प्लेअर'च्या एका ओळीत तीन प्रती काढू शके. दोन प्लेअर, म्हणून सहा. ह्या एका काडतुसाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, आणि ते खेळता यावे म्हणून लोकांनी यंत्रे घेतली.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो हलका नाही. माणसाऐवजी परग्रहवासी ठेवला ही सहृदयता कशावरून? ज्याला मारावयाचे त्याला आधी माणसांतून उठवावयाचे, ही तर युद्धाची जुनीच नीती आहे. प्रत्येक युद्धात प्रत्येक पक्षाने शत्रूला राक्षस ठरविले आहे. मग हा खेळ त्याच नीतीचा बालपाठ नव्हे काय? मला वाटते, दोहोंत एक फरक आहे. युद्धात माणसाला राक्षस म्हणतात. येथे राक्षसाला माणूस होऊ दिलेले नाही. तरीही हा आक्षेप पुरता मिटत नाही हे मान्य केले पाहिजे. 'मिसाइल कमांड' हा डेव्ह थ्युरर यांचा १९८० चा खेळ घ्या. त्यात खेळणाऱ्याने सहा शहरे अण्वस्त्रांपासून वाचवावयाची असतात. जिंकणे नाहीच, शेवटी सर्व शहरे भस्म होतात. हा खेळ रचताना आपल्याला अणुयुद्धाची भयंकर स्वप्ने पडत असत, असे थ्युररांनी पुढे सांगितले. पण १९८१ साली तो घरगुती काडतुसात आला तेव्हा सोबतच्या पुस्तिकेत ते युद्ध 'झार्डन' नावाच्या ग्रहावर नेऊन ठेवले होते. भय दिवाणखान्यात आले ते वेषांतर करून.

तिसरा प्रश्न ह्या निर्णयांच्या मोलाचा. ह्या खेळांवर सरसकट टीका अशी होते की, ते मुलांना बेभान गोळीबार शिकवितात. टीकाकारांनी खेळाचे नियम पाहिलेले नसावेत अशी शंका येते. 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये आपली एका वेळी एकच गोळी पडद्यावर असते. ती वाया गेली तर वाट पाहावी लागते. आपल्या रक्षणासाठी समोर उभ्या असलेल्या भिंती आपल्याच गोळीने ढासळतात. म्हणजे अविचाराचा दंड खेळातच बसविलेला आहे.

ह्या बाबतीत सर्वांत विचार करावयास लावणारा खेळ मला 'रिव्हर रेड' हा वाटतो. त्याच्या कर्त्या कॅरल शॉ. संगणकशास्त्राच्या पदवीधर असलेल्या ह्या बाई १९७८ साली अटारीत लागल्या. त्या काळी ह्या व्यवसायात स्त्रिया अगदी बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे त्या ॲक्टिव्हिजन कंपनीत गेल्या. अटारीत खेळ रचणाऱ्याचे नाव वेष्टनावर छापीत नसत. त्या अन्यायाला कंटाळून बाहेर पडलेल्या चौघा प्रोग्रॅमरांनी एका व्यवस्थापकाच्या साथीने १९७९ साली ही कंपनी स्थापली होती. अंतराळाचे खेळ पुष्कळ झाले, दुसरे काही कर, असा सल्ला त्या चौघांपैकीच ॲलन मिलर यांनी दिला आणि शॉ यांनी नदी निवडली. १९८२ साली खेळ प्रसिद्ध झाला. सारा प्रोग्रॅम ४०९६ बाइटचा. मैलोगणती वाहणारी ती नदी त्यात साठविणे अशक्यच. म्हणून शॉ यांनी नदी साठविलीच नाही. एका ठरावीक आकड्यापासून आरंभ करून गणिताने पुढचा आकडा काढीत जावयाचे आणि त्यावरून काठ, बेटे व पूल मांडावयाचे, अशी युक्ती त्यांनी केली. आरंभाचा आकडा तोच असल्यामुळे नदी प्रत्येक वेळी तीच वाहते.

नदीवरून जाणाऱ्या विमानाला इंधन लागते. वाटेत इंधनाच्या टाक्या येतात. टाकीवर गोळी झाडली तर ८० गुण मिळतात. न झाडता तिच्यावरून उडत गेले तर इंधन मिळते. गुण घ्यावेत की आयुष्य, हा निर्णय क्षणार्धात करावयाचा. चापावरचे बोट आवरणे हेही येथे कौशल्य ठरते. नुसत्या ४०९६ बाइटांत एवढा विवेकाचा प्रसंग उभा करणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

आणि दैवदुर्विलास पाहा. नेमका हाच खेळ १९८४ साली पश्चिम जर्मनीत मुलांना अपायकारक ठरवून सरकारी यादीत घातला गेला. खेळणारा मूल दयामाया नसलेल्या लढवय्याच्या भूमिकेत शिरते आणि हे लष्करी शिक्षणच होय, असा परीक्षकांचा रोख होता. २००२ साली त्याचे नाव यादीतून निघाले. दोन महायुद्धांची राख पाहिलेल्या देशाने मुलाच्या हातातील लढाऊ विमानाकडे संशयाने पाहावे, हे मी समजू शकतो. नदीवरची ती जहाजे आणि हेलिकॉप्टरे रिकामी नसणार, हे त्यांचे म्हणणे खोटे म्हणता येत नाही. अमेरिकेचे सर्जन जनरल सी. एव्हरेट कूप यांनीही नोव्हेंबर १९८२ मध्ये ह्या खेळांवर कडक टीका केली. पण आपले मत शास्त्रीय पुराव्यावर आधारलेले नाही, असा खुलासाही त्यांनी लगेच केला. आरोप दूरवर गेला, खुलासा मागे राहिला.

१९८३ साली निकृष्ट खेळांचा पूर येऊन अमेरिकेतील हा व्यापार कोसळला. पुनरुज्जीवन जपानने केले. निन्तेंदोचे फॅमिकॉम यंत्र १९८३ साली निघाले. त्याचे रचनाकार मासायुकी उएमुरा हे पूर्वी शार्प कंपनीत असताना प्रकाश ओळखणारे घटकच विकीत असत. १९८४ च्या 'डक हंट' ह्या खेळात बंदूक पुन्हा अवतरली, पण आता शहाणी होऊन. चाप ओढताच पडदा क्षणभर संपूर्ण काळा होई आणि मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. काळ्या क्षणीही उजेड दिसला तर ती बंदूक दिव्यावर रोखलेली आहे हे यंत्र ओळखी. बेअर यांच्या बंदुकीला जे कळत नव्हते, ते हिला कळू लागले. अमेरिकेत ही बंदूक आधी करड्या रंगाची होती. खेळण्यातली बंदूक खरी भासू नये म्हणून १९८८-८९ च्या सुमारास ती नारिंगी झाली. पडद्याबाहेरही गोळीचा प्रश्न सुटलेला नव्हता.

१९९० नंतर ह्याच यंत्राच्या नकला आपल्याकडे आल्या. काडतुसाला आपली मुले 'कॅसेट' म्हणत, आणि मराठी घरांतही बदकांवर नेम धरला गेला. नेम चुकला की दात काढणारा तो कुत्रा आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांना आठवत असेल. ती बंदूक आजच्या सपाट पडद्यावर चालत नाही. जुन्या काचेच्या नळीबरोबर तिचा प्राण गेला. बेअर यांची मूळ यंत्रे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपली आहेत. आपल्या माळ्यावर धूळ खात पडलेली यंत्रेही भंगारात जाण्याआधी कोणी जपावीत, असे मला वाटते.

श्रोतेहो, ह्या तेरा वर्षांत यंत्र दरिद्री होते. गोळीखेरीज त्याला फारसे काही येत नव्हते. तरीही ती गोळी माणसावर नको म्हणणारा निशिकादो, हरणाऱ्या शहरांच्या स्वप्नांनी झोप उडालेला थ्युरर आणि टाकीसमोर बोट आवरावयास लावणारी शॉ, अशी माणसे त्या काळात होऊन गेली. पुढे यंत्रे श्रीमंत झाली. पडद्यावरच्या लक्ष्याला चेहरा आला, आवाज आला, रक्त आले. १२८ बाइटच्या काळात लक्ष्य कोण असावे हे माणसाने ठरविले होते. आज कोट्यवधी पट स्मृती हाताशी असताना तो निर्णय यंत्राच्या ऐपतीवर सोडून देण्याचे कारण नाही. मुलाच्या हाती खेळणे देताना त्याला नेम धरता येतो की नाही, हे आपण पाहतोच. तो कोणावर धरला आहे, तेही त्याच्याशेजारी बसून पाहावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.