वाटूर फाट्यावरचा ब्रेक

जुनी गाडी घेणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. कितीला पडली आणि ॲव्हरेज काय देते? थांबते का, हे कोणी विचारत नाही. मीही विचारले नव्हते.

१९९४ सालची गोष्ट. सोळा वर्षे वापरलेली एक प्रीमियर पद्मिनी मी घेतली होती. आमच्याकडे तिला सगळे फियाटच म्हणत, आणि त्यात फारसे चुकत नव्हते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही मूळची इटालियन गाडी तयार होई. पद्मिनी हे नाव तिला १९७० च्या दशकात मिळाले.

आई, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन जालन्याहून मंठ्याला लग्नाला निघालो होतो. गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला तरी मागून कोणी धरून ठेवल्यासारखे वाटे. आई म्हणाली, "काहीतरी जळतंय रे." मी म्हणालो, "शेतात धसकटं पेटवली असतील." वाटूर फाटा आला. समोर एस.टी. उभी, उतरलेली माणसे रस्त्यावर. मी ब्रेक दाबला आणि पाय सरळ खाली फळीला टेकला. पुन्हा दाबला, तेच. गिअर उतरवत आणलो आणि हँडब्रेक ओढला. एस.टी.पासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मुले हसत होती, त्यांना गंमत वाटली. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

फाट्यावरच्या मिस्त्रींनी चाकाजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला. मग बॉनेट उघडून ब्रेक ऑईलच्या डब्यात बोट बुडवले, वास घेतला आणि म्हणाले, "साहेब, यात इंजिनाचं ऑईल ओतलंय कुणीतरी."

गाडी विकण्यापूर्वी कोणीतरी डबा भरून दिला होता. त्यात वाईट हेतू नसावा. ऑईल कमी दिसले, ऑईल ओतले. घोटाळा नावातच होता, आणि त्या नावामागे इतिहास आहे.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्याचा उपयोग मोटारीच्या ब्रेकसाठी माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने केला. १९२१ मध्ये ड्यूझेनबर्ग या गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक बसले. सुरुवातीला आतल्या वाट्या कच्च्या कातड्याच्या होत्या, त्या गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत रबरी वाट्या आल्या आणि गळती आटोक्यात आली. पण रबराचे एक पथ्य असते. खनिज तेल लागले की ते फुगते. एरंडेलाने तसे होत नाही. म्हणून बराच काळ एरंडेल आणि अल्कोहोल यांचे मिश्रण ब्रेकमध्ये वापरले जाई. आपल्या बांधावरच्या एरंडाचेच ते तेल! पुढे ग्लायकॉलवर आधारलेले द्रव आले. डब्यातले तेल गेले, पण आपल्या तोंडी ब्रेक ऑईल हेच नाव राहिले.

माझ्या गाडीत काय घडले होते? मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक छिद्र असते. पाय उचलला की दाबलेला द्रव त्यातून डब्यात परततो. फुगलेल्या रबराने ते छिद्र झाकले. द्रव परतेना, ब्रेक-शू ड्रमला घासतच राहिले, ड्रम तापले, द्रव उकळला आणि नळीत वाफ झाली. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पाय फळीला टेकला. हँडब्रेक तारेने चालतो, म्हणून आम्ही वाचलो.

रबरी किट आणायला एक पोरगा एस.टी.ने जालन्याला गेला. आम्ही लग्नाला दुसऱ्या वाहनाने गेलो. दुसऱ्या दिवशी मी परत आलो, तेव्हा मिस्त्रींनी नळ्या स्पिरिटने धुऊन ठेवल्या होत्या. मला सीटवर बसवून ते खालून सांगू लागले, "मारा, मारा, धरा." मी धरले की ते निपल सैल करीत. सगळ्यांत लांबच्या चाकापासून सुरुवात करून चारही चाकांतली हवा काढली. पैसे देताना मी विचारले, "आता भीती नाही ना?" ते म्हणाले, "भीती असू द्या साहेब. वास आला की थांबा, एवढंच."

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. नव्या मोटारींना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. तरी जुन्या गाड्या हातोहात फिरतच असतात. ग्लायकॉलचा द्रव हवेतले पाणी शोषतो. डॉट ३ प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर मात्र ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणून दोनेक वर्षांनी तो बदलावा. गाडी घेताना पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल, तर सौदा थांबवावा. फेरी मारून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्यावा. एखादे जास्त तापलेले असेल, तर कारण विचारावे.

आणि गाडीत म्हातारे माणूस काहीतरी जळतंय म्हणाले, तर शेताकडे बोट दाखवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)