युरोपीय प्रदेश समिती

युरोपीय प्रदेश समिती ही युरोपीय संघाची एक सल्लागार संस्था आहे. तिचे मुख्यालय बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे आहे. संघाच्या सदस्य देशांतील प्रांत, जिल्हे, शहरे व गावे यांच्या शासनसंस्थांचे निवडून आलेले प्रतिनिधी या समितीत असतात. मास्ट्रिख्ट करारान्वये तिची निर्मिती झाली आणि मार्च १९९४ मध्ये तिचे पहिले अधिवेशन भरले. २०२० मध्ये ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतर तिची सदस्यसंख्या ३२९ झाली.

स्ट्रासबर्ग येथे युरोप परिषदेची 'स्थानिक व प्रादेशिक शासनसंस्थांची काँग्रेस' ही वेगळी संस्था आहे. युरोप परिषद ही युरोपीय संघाचा भाग नसल्यामुळे या दोन संस्थांमध्ये गल्लत करू नये.

पार्श्वभूमी

युरोपीय एकीकरणाच्या आरंभीच्या करारांमध्ये केवळ राष्ट्रीय सरकारांचा विचार केलेला होता. एखाद्या देशाची अंतर्गत रचना संघराज्यात्मक आहे की एककेंद्री, याकडे हे करार पाहत नसत. १९७५ मध्ये मागासलेल्या भागांसाठी युरोपीय प्रादेशिक विकास निधी स्थापन झाला आणि प्रांतांचा ब्रुसेल्सशी थेट संबंध येऊ लागला. १९८८ च्या सुधारणांनी या निधीच्या विनियोगात 'भागीदारी'चे तत्त्व आणले. त्यामुळे योजना आखताना प्रादेशिक व स्थानिक शासनांना सहभागी करून घेणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी युरोपीय आयोगाने या शासनांची एक सल्लागार परिषद नेमली. प्रदेश समितीची ही पूर्वसुरी होय.

दुसरा रेटा जर्मनीतून आला. तेथील घटकराज्यांना शिक्षण, संस्कृती, पोलीस इत्यादी विषयांत स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार आहे. केंद्र सरकारने युरोपीय पातळीवर अधिकार सोपवले की त्याबरोबर आपलेही अधिकार परस्पर निघून जातात, अशी या राज्यांची तक्रार होती. मास्ट्रिख्ट कराराला वरिष्ठ सभागृहाची, म्हणजेच राज्यांच्या प्रतिनिधींची, संमती लागणार असल्यामुळे या तक्रारीला वजन होते. समितीची स्थापना हा या वाटाघाटींचा एक परिणाम होता.

रचना

कोणत्या देशाला किती जागा द्यायच्या हे मंत्रिपरिषद ठरवते. जर्मनी, फ्रान्स व इटली यांना प्रत्येकी २४, तर माल्टाला ५ जागा आहेत. लिस्बन करारानुसार एकूण सदस्य ३५० पेक्षा अधिक असू शकत नाहीत. नावे संबंधित देशाने सुचवायची व मंत्रिपरिषदेने नेमणूक करायची, अशी पद्धत आहे. सदस्यत्वाची मुदत प्रारंभी चार वर्षांची होती. लिस्बन कराराने ती पाच वर्षांची केली.

देशांतर्गत वाटणी प्रत्येक देश आपल्या रचनेनुसार करतो. जर्मनीच्या २४ पैकी २१ जागा घटकराज्यांकडे आणि केवळ ३ नगरपालिका व जिल्ह्यांकडे जातात. जेथे प्रांतिक शासनच नाही, अशा लहान देशांतून महापौर व नगरसेवकच सदस्य होतात. परिणामी, कायदे करणाऱ्या मोठ्या राज्याचा मंत्री आणि लहानशा गावाचा महापौर एकाच सभागृहात समान मताधिकाराने बसतात.

नीस करारानंतर (२००१) सदस्याने प्रादेशिक वा स्थानिक पद निवडणुकीने मिळवलेले असणे, किंवा निवडून आलेल्या सभागृहाला तो उत्तरदायी असणे बंधनकारक झाले. ते पद संपताच समितीचे सदस्यत्वही संपुष्टात येते. समितीचे पहिले अध्यक्ष फ्रान्समधील लांगडॉक-रूसियाँ प्रांताचे जाक ब्लाँ होते. त्यांच्यानंतर बार्सिलोनाचे महापौर पास्क्वाल मारागाल अध्यक्ष झाले.

अधिकार व कार्यपद्धती

ठरावीक विषयांवर कायदा करण्यापूर्वी समितीचे मत मागवणे बंधनकारक आहे. मास्ट्रिख्ट करारात असे पाच विषय होते : शिक्षण, संस्कृती, सार्वजनिक आरोग्य, युरोपव्यापी दळणवळण व ऊर्जा जाळी आणि आर्थिक-सामाजिक समतोल. ॲम्स्टरडॅम कराराने रोजगार, सामाजिक धोरण, पर्यावरण, व्यवसाय प्रशिक्षण व वाहतूक हे विषय त्यांत घातले. लिस्बन कराराने ऊर्जा धोरण व नागरी संरक्षण यांची भर घातली. यांखेरीज समिती स्वतःहूनही मत व्यक्त करू शकते.

प्रस्ताव आला की तो विषयवार उपसमितीकडे जातो. तेथे एका सदस्याकडे मसुदा तयार करण्याचे काम सोपवले जाते. मसुद्यावर चर्चा व दुरुस्त्या होऊन सर्वसाधारण अधिवेशनात मतदान होते. संमत झालेले मत आयोग, संसद व मंत्रिपरिषद यांच्याकडे पाठवले जाते. मत देण्यासाठी मुदत घालून देता येते. ती एक महिन्यापेक्षा कमी असू शकत नाही. त्या मुदतीत मत आले नाही तरी कायद्याची प्रक्रिया थांबत नाही. आलेले मत स्वीकारण्याचे बंधनही कोणावर नाही.

लिस्बन कराराने २००९ पासून समितीला युरोपीय न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार दिला. जे काम खालच्या पातळीवर पुरेशा प्रमाणात होऊ शकते ते वरच्या पातळीने हाती घेऊ नये, या तत्त्वास 'सबसिडिॲरिटी' म्हणतात. एखादा कायदा या तत्त्वाचा भंग करतो असे वाटल्यास समिती त्याला आव्हान देऊ शकते; मात्र समितीचे मत घेणे बंधनकारक असलेल्या विषयांपुरताच हा अधिकार आहे. पहिल्या दशकात तो एकदाही वापरला गेला नाही.

प्रभावाचे इतर मार्ग

समिती हा प्रांतांपुढील एकमेव मार्ग नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक शहरांनी व प्रांतांनी ब्रुसेल्समध्ये स्वतःची कार्यालये उघडली. येऊ घातलेल्या प्रस्तावांची माहिती वेळेवर मिळवणे आणि मसुदा तयार होत असतानाच आपले म्हणणे पोहोचवणे, हे त्यांचे मुख्य काम असते.

मास्ट्रिख्ट कराराने आणखी एक वाट मोकळी केली. मंत्रिपरिषदेत देशाची बाजू मांडणारा मंत्री प्रांतिक सरकारचाही असू शकतो. अट एवढीच की त्याला संपूर्ण देशाच्या वतीने बोलण्याचा अधिकार असावा. बेल्जियम, जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी या तरतुदीचा उपयोग केला आहे.

देशाच्या राज्यघटनेने दिलेले अधिकार किती परिणामकारक ठरतात, याचे ठळक उदाहरण २०१६ मध्ये दिसले. युरोपीय संघ व कॅनडा यांच्यातील व्यापार करारावर सही करण्यास बेल्जियमच्या केंद्र सरकारला प्रांतांची संमती आवश्यक होती. सुमारे ३६ लाख लोकवस्तीच्या वालोनिया प्रांताच्या संसदेने ऑक्टोबरमध्ये ती नाकारली. गुंतवणूकदारांना सरकारांविरुद्ध विशेष न्यायाधिकरणाकडे जाता येणे आणि स्थानिक शेतीवरील परिणाम, हे आक्षेपाचे मुद्दे होते. ठरलेला समारंभ लांबणीवर पडला. प्रांतांना काही आश्वासने दिल्यानंतर ३० ऑक्टोबर रोजी करारावर सह्या झाल्या. न्यायाधिकरणाच्या तरतुदीबाबत बेल्जियमने युरोपीय न्यायालयाचे मत मागवले; २०१९ मध्ये न्यायालयाने ती वैध ठरवली.

मूल्यमापन

समितीवरील प्रमुख आक्षेप असा की तिला बोलण्याचा अधिकार आहे, पण अडवण्याचा नाही. सदस्यांच्या परिस्थितीतील तफावतीमुळे तिची मते पुष्कळदा सर्वांना चालतील अशी सौम्य होतात, असेही म्हटले जाते. कायदे करणाऱ्या प्रांतांना हा मंच अपुरा वाटल्यामुळे त्यांनी आपले स्वतंत्र गट स्थापन केले.

समर्थकांच्या मते, युरोपीय कायद्यांची प्रत्यक्ष अंमलबजावणी बहुतांशी स्थानिक पातळीवर होते. कचऱ्याचे वर्गीकरण, पिण्याच्या पाण्याची शुद्धता किंवा सरकारी खरेदीचे नियम ब्रुसेल्समध्ये ठरले तरी ते पाळण्याचा खर्च व जबाबदारी नगरपालिकांवर येते. हा अनुभव कायदा होण्यापूर्वी मांडण्याची सोय समितीमुळे झाली. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शासनसंस्थांना एकत्रित कायदेशीर संस्था स्थापण्याची मुभा देणारा २००६ चा नियम समितीने सातत्याने उचलून धरला. त्यानुसार पहिली संस्था २००८ मध्ये फ्रान्समधील लिल आणि बेल्जियममधील कोर्ट्रेक व टूर्ने या शहरांच्या परिसरात उभी राहिली.