रोजच्या भाकरीपुरते मागणे : मैलापूर आणि मुलांचे धर्मशिक्षण

चेन्नईतील मैलापूरच्या सान थोमे भागात प्रेषित थोमाची कबर असल्याचे परंपरा मानते, आणि त्याच्या नावाच्या प्राचीन सीरियन ग्रंथात, राजाने महाल बांधण्यासाठी दिलेले द्रव्य त्याने गरिबांत वाटून टाकल्याची कथा येते. इतिहास म्हणून ती तपासणे अवघड असले, तरी गरज आणि हौस यांतला फरक मुलांना समजावण्यास याहून समर्पक कथा क्वचितच सापडेल. १५४५ मध्ये या कबरीपाशी सुमारे चार महिने राहिलेल्या धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियरने त्याआधीच, १५४२ मध्ये, गोव्याच्या रस्त्यांतून घंटा वाजवत मुले जमवली होती आणि त्यांच्याकडून प्रभूची प्रार्थना, म्हणजे ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, पाठ करून घेतली होती. तिच्यात साठवणीचे धान्य नव्हे, तर केवळ त्या दिवसाची भाकरी मागितली जाते, आणि गरजेची मर्यादा मुलाच्या मनात प्रथम इथेच आखली जाते. प्रश्नोत्तरी, म्हणजे गुरूने विचारायचे व शिष्याने उत्तर द्यायचे अशा रचनेचे धर्मपुस्तक, हे पुढे या शिक्षणाचे मुख्य साधन झाले. मार्कुश जॉर्जच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवरून १५७९ मध्ये कोचीनला तमिळ पुस्तक छापले गेले, तर थॉमस स्टीफन्सचे कोकणी पुस्तक १६२२ मध्ये निघाले. लोभाची गणना महापापांत आणि भुकेल्यास अन्न, उघड्यास वस्त्र देण्याची गणना दयेच्या कृत्यांत करणाऱ्या या परंपरेत मुलाला स्वतःच्या गरजेइतकीच शेजाऱ्याची गरजही ओळखावी लागे, आणि हाच तिचा सर्वांत मोलाचा भाग होय.